हलकं काम

माणसाला कशाची किळस येईल याचा नेम नसतो. कुणाला पालीची येते, कुणाला दुसऱ्याच्या उष्ट्या कपाची. रजाबाईंना ‘तुमच्याच काळजीपोटी’ या शब्दांची यायची. कुणी ते उच्चारले की त्यांच्या घशाशी आंबट यायचं आणि त्या उठून घोटभर पाणी प्यायच्या. कारखान्याचे मोठे साहेब ते शब्द दिवसातून चारदा तरी उच्चारत, त्यामुळे बाईंचं पाणी पिणं भरपूर होई आणि डॉक्टर त्यांच्या तब्येतीवर खूश असत.

रजाबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. चष्म्याची भिंगं बनवणाऱ्या त्या कारखान्यात अठ्ठावीस वर्षं रजेचे अर्ज घेणं, दिवस मोजणं आणि कागद फायलीला लावणं हे काम त्यांच्याकडे होतं, म्हणून रजाबाई. त्यांचं टेबल जिन्याखाली होतं. वरून जिना उतरता असल्यामुळे समोर उभं राहणाऱ्याला मान वाकवूनच बोलावं लागे. रजा मागणाऱ्याची मान तशीही खालीच असते, त्यामुळे याबद्दल कधी कुणाची तक्रार आली नाही.

पण बाईंचा जन्म काही जिन्याखाली झाला नव्हता. तिशीच्या आत असताना त्या वरच्या मजल्यावर दिव्यापाशी बसायच्या. भिंग घासून, पॉलिश होऊन, नंबर मोजून झालं की शेवटी दिव्यापाशी येतं. समोर काळं कापड, त्यापुढे एकच दिवा. भिंग दोन बोटांत तिरकं धरायचं आणि बघायचं: ओरखडा आहे का, बुडबुडा आहे का, केसाएवढी रेघ आहे का. नसली तर शिक्का. असली तर खालच्या टोपलीत. त्या खुर्चीतल्या माणसाने टोपलीत टाकलेलं भिंग खुद्द साहेबांनाही बाहेर काढता येत नसे. कारखान्यात सगळ्यात वरची श्रेणी आणि सगळ्यात जास्त मान त्या खुर्चीला. सत्ताविसाव्या वर्षी बाई तिथे बसल्या. त्यांच्या आधी तिथे एकही बाई बसलेली नव्हती.

मग त्यांना मुलगी झाली. रजा संपवून त्या परत आल्या आणि तिसऱ्याच दिवशी, भर उन्हाळ्यात, पंखा बंद पडलेला असताना त्यांना जरा भोवळ आली. जरा म्हणजे किती, तर हातातलं भिंगसुद्धा खाली पडलं नाही. त्याच आठवड्यात घासणीवरचा एक आडदांड गडी चक्क जमिनीवर आडवा झाला होता. त्याच्या तोंडावर पाणी मारलं, खिडकीत बसवलं आणि अर्ध्या तासाने तो परत मशीनवर गेला. बाईंच्या भोवळीवर मात्र वरच्या मंडळींची बैठक बसली. त्यांच्याच काळजीपोटी. बैठकीतून एक नियम बाहेर आला: मूल झाल्यामुळे सलग एकवीस दिवसांपेक्षा जास्त रजा घेतलेल्या कामगाराला परत आल्यावर हलकं काम द्यावं. केव्हापर्यंत द्यावं, ते लिहायचं राहून गेलं. किंवा राहू दिलं, कोण सांगणार? हलक्या कामाची श्रेणी दोन पायऱ्या खालची होती, हे मात्र लिहायला कुणी विसरलं नाही.

बाईंना जिन्याखालचं टेबल आणि एक टाइपरायटर मिळाला. त्यावर त्यांनी टाइप केलेलं पहिलं पत्र स्वतःचं होतं. खाली ओळ होती, ‘मी हे काम स्वखुशीने स्वीकारत आहे.’ त्यांनी सही केली. घरी तान्हं मूल, नवरा म्हणाला घे की, बसून काम आहे. त्यांनाही त्या वेळी वाटलं, चार-सहा महिन्यांची तर गोष्ट आहे.

त्यानंतर चाळीस पत्रं झाली. टाइपरायटर जाऊन कॉम्प्युटर आला, पत्र तेच राहिलं. नंबर मोजणाऱ्या, पॉलिशवाल्या, रंग चढवणाऱ्या, एकेक बाई बाळंतपणाहून परत यायची, मान वाकवून जिन्याखाली उभी राहायची आणि स्वखुशीने सही करायची. बहुतेकींना पॅकिंगला पाठवत. तिथे भिंगांचे भरलेले खोके उचलून रचायचे असतात, एकेक खोका चौदा किलोचा. म्हणजे कारखान्यातलं सगळ्यात जड काम या हलक्या कामाच्या बायका करत होत्या, आणि यात कुणाला काही विनोदी वाटत नव्हतं. आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, अशी त्यांची गत. सोडून जाता येईना, वर चढता येईना. बाईंना त्या पत्राची किळस यायची, त्या सहीची यायची, आणि छापलेला कागद सरळ करून फायलीला लावणाऱ्या स्वतःच्या हातांची तर फारच यायची. पण हात चालूच होते.

दिव्याच्या खुर्चीत इतक्या वर्षांनी दुसरी बाई बसली ती घार. घार हे टोपणनाव, नजरेवरून पडलेलं. इतर तपासणारे भिंग तीनदा फिरवत, ही एकदाच बघे आणि टोपलीत टाके. तिचा नवरा त्याच मजल्यावर पॉलिशच्या चाकावर होता, म्हणून त्याला सगळे पॉलिशवालाच म्हणत. सरळ, मितभाषी, बायकोचा अभिमान असलेला माणूस. त्याची खराब भिंगंही ती सगळ्यांदेखत टोपलीत टाकायची आणि तो हसत म्हणायचा, “घरी पण असंच आहे.”

तिला दिवस गेले तेव्हा ती जिन्याखाली आली. मान न वाकवता थोडी बाजूला उभी राहिली.

“बाई, मी सहा महिन्यांनी परत येणार आणि त्याच खुर्चीत बसणार. तुमचं ते पत्र माझ्यासाठी काढू नका.”

“मी नाही काढत गं. साहेब काढायला लावतात.”

“हात तर तुमचेच ना?”

बाईंना राग आला. बोलणं खरं होतं म्हणून जास्तच आला. पण त्यांनी एक गोष्ट सांगितली. “त्याला पण रजा घ्यायला लाव. बापाची तीस दिवसांची आहे. नुसती भिंतीवर लटकतेय.”

ती खरोखरच भिंतीवर लटकत होती. दोन वर्षांपूर्वी बाहेरच्या एका मोठ्या गिऱ्हाइकाने माल घेण्याआधी प्रश्नांची यादी पाठवली होती. तुमच्याकडे बायकांना समान संधी आहे का? बापाला रजा आहे का? साहेबांनी रातोरात तीस दिवसांची रजा मंजूर करून तिची चौकट फाटकाजवळ टांगली. चौकटीला काच होती, काचेला रोज पुसायला माणूस होता. रजा घ्यायला मात्र कुणी नव्हतं. त्या दोन वर्षांत अकरा जण बाप झाले. अकराही जण दुसऱ्या दिवशी कामावर हजर. “रजा घेऊन करू काय, पाजायला बसू?” असं म्हणून एकमेकांच्या पाठीवर थापा मारायचे. त्यांच्या त्या हसण्याचाही बाईंना उबग आला होता.

पॉलिशवाल्याने अर्ज आणला तो जेवणाच्या सुट्टीत, आजूबाजूला कुणी नाही असं बघून. चोरीचा माल द्यावा तसा त्याने तो टेबलावर ठेवला. बाईंना त्याचं कौतुक वाटलं. बाईंना कुणाचं कौतुक वाटायला फार लागतं, पण वाटलं.

साहेबांना तर घबाडच मिळालं. गिऱ्हाइकाला दाखवायला जिताजागता बाप! पॉलिशवाला महिन्याने परत आला तेव्हा फाटकापाशी टाळ्या झाल्या, केक कापला, साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढला आणि ‘आदर्श पिता’ असं खाली लिहून रजेच्या चौकटीशेजारी लावला. टाके पडले बायकोला आणि सत्कार झाला नवऱ्याचा. बाईंनाही केकचा तुकडा कुणीतरी आणून दिला. त्यांनी तो कागदासकट कचऱ्यात टाकला.

सत्काराच्या उत्साहात साहेबांनी आणखी एक केलं. दिव्याची खुर्ची रिकामी होती, ती पॉलिशवाल्याला दिली. तात्पुरती.

तिसऱ्या महिन्यात एका रविवारी बाई झबलं-टोपडं घेऊन घारीच्या घरी गेल्या. दोन खोल्या, आतल्या खोलीत दोरीवर दुपटी वाळत घातलेली, कॉटवर पोरगी हातपाय झाडत पडलेली. घारीच्या सासूबाई दारातच सुरू झाल्या. “माझ्या मुलानं दुपटी धुतली हो! साऱ्या बिल्डिंगमध्ये असा एक पुरुष दाखवा.” त्यांनी हे समोरच्या घरात सांगितलं होतं, वरच्या मजल्यावर सांगितलं होतं, दूधवाल्यालाही सांगितलं होतं. सुनेनेही दुपटी धुतल्याची खबर अर्थातच कुठे गेलेली नव्हती.

सासूबाई चहा टाकायला गेल्यावर घार म्हणाली, “बाई, तो खरंच करायचा. रात्री उठायचा, हिला खांद्यावर घेऊन फिरायचा. मला नाव ठेवायला जागा नाही.”

“मग तोंड का असं?”

“खुर्चीचं विचारलं की मोबाईल बघतो.”

पॉलिशवाला तेवढ्यात भाजी घेऊन आलाच. बाईंनी सरळ विचारलं. त्याने पिशवी खाली ठेवली, पोरीला उचललं आणि म्हणाला, “ती आली की उठणार ना मी. तिचीच जागा आहे ती. शप्पथ.” पोरीने त्याच्या शर्टाची कॉलर तोंडात घातली. बाईंचा विश्वास बसला. एवढं निर्मळ तोंड करून माणूस खोटं बोलत नाही, आणि तो त्या दिवशी बोललाही नव्हता.

सहा महिने भरले आणि एका सोमवारी घार आली. वर गेली. पॉलिशवाला खुर्चीत होता. तिला पाहून तो उठला नाही. हातातलं भिंग त्याने फिरवलं, पुन्हा फिरवलं, तिसऱ्यांदा फिरवलं, आणि नजर काही दिव्यावरून हलवली नाही. घारीने दोन मिनिटं वाट पाहिली आणि ती जिना उतरून खाली आली. तिच्या मागोमाग साहेबच उतरले.

“हे बघ, घरातच राहिली ना खुर्ची? इकडच्या खिशातून तिकडच्या खिशात. तान्हं बाळ आहे, झोप नसणार, डोळ्यांवर ताण नको. तुझ्याच काळजीपोटी सांगतोय. बाई, हिचं नेहमीचं पत्र करा. दुपारी गिऱ्हाइकाची माणसं यायची आहेत, त्याआधी सगळं मार्गी लागू दे.” एवढं बोलून, जिन्याला डोकं आपटू नये म्हणून वाकून, ते निघून गेले.

पॉलिशवालाही आला, साहेब गेलेले बघून. बाईंकडे न बघता बायकोला म्हणाला, “मी काय करू? साहेबच म्हणाले. मला आता सवय झालीय आणि श्रेणी पण लागलीय. पगार शेवटी आपल्याच घरात येतो ना? आई पण म्हणत होती, तुला जरा निवांत काम बरं.”

“तू शप्पथ घेतली होतीस.”

“तेव्हा मला वाटलं होतं उठेन. आता नाही जमत.”

एवढा खरेपणा त्याने दाखवला, तोही नको तिथे. घार बाईंच्या टेबलासमोरच्या स्टुलावर बसली आणि भिंतीकडे बघत राहिली. बाईंना तिच्याकडे बघवेना. केसाने गळा कापायचा तर परक्याने कापावा, निदान शिव्या तरी देता येतात. इथे कापणारा रात्री उठून पोर खेळवतो, त्याला काय बोलणार?

बाईंनी कॉम्प्युटरवर पत्र काढलं. बेचाळिसावं. नाव बदललं, तारीख बदलली. शब्द वाचवत नव्हते, म्हणून त्या नुसते आकडे तपासत होत्या. रजेचे दिवस एकशे ब्याऐंशी, नियमाची मर्यादा एकवीस. एकवीसवर त्यांचं बोट थांबलं. इतकी वर्षं टाइप करकरून ती ओळ त्यांना दिसेनाशीच झाली होती. मूल झाल्यामुळे, सलग एकवीस दिवसांपेक्षा जास्त.

पॉलिशवाल्याची रजा तीस दिवसांची होती.

रजा भिंतीवर टांगताना कुणी जुना नियम उघडून पाहिलाच नव्हता. कशाला पाहतील? बापाची रजा दाखवायला होती, घ्यायला थोडीच होती. आणि हलकं काम बायकांसाठीच असतं हे ज्याला त्याला इतकं पाठ होतं, की ते नियमात लिहिलंय की नाही हे बघायची गरजच कुणाला वाटली नाही. बाईंनाही नाही.

त्यांनी दोन पत्रं काढली. एक बायकोचं, एक नवऱ्याचं. दोन्ही इतर कागदांच्या गठ्ठ्यात घातली आणि साहेबांकडे नेली. साहेब फोनवर गिऱ्हाइकासाठी जेवण सांगत होते. कागदांचा खालचा कोपरा उचलून सही करायची त्यांची पद्धत होती, वरचं वाचणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. दोन्हींवर सह्या झाल्या.

बाई स्वतः जिना चढून वर गेल्या. चहाची वेळ होती, मशीनं बंद होती, सगळा मजला बसलेला. त्यांनी पॉलिशवाल्याच्या हातात पत्र दिलं. त्याने वाचलं, पुन्हा वाचलं. उद्यापासून पॅकिंग, श्रेणी दोन पायऱ्या खाली, स्वखुशीने. त्याचा चेहरा लाल झाला आणि तो ओरडला,

“मी काय बाई आहे का?”

मजल्यावर तीस-बत्तीस बायका असतील. कप तोंडाशी नेलेले तसेच राहिले. घार बाईंच्या मागोमाग येऊन दारात उभी होती, तिनेही ऐकलं. त्याने तिला पाहिलं आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं. शब्द काही परत घेता येत नाहीत. “म्हणजे तसं नाही,” तो म्हणाला. पण ते तसंच होतं, आणि ते ऐकायला मजला होता.

तो तडक साहेबांकडे गेला, मागून बाई गेल्या.

“बाई, डोकं ठिकाणावर आहे का?” साहेब ओरडले. “पुरुषाला हलकं काम? आदर्श पिता म्हणून फोटो लागलाय त्याचा! रद्द करा हे आत्ताच्या आत्ता.”

“करते. लेखी द्या.”

“त्याचं पत्र फाडून टाका, झालं.”

“त्याचं कशाला? नियमात त्याचं नाव नाही आणि तिचंही नाही. ठेवायचा तर दोघांना, काढायचा तर दोघांना. नाहीतर दुपारी पाहुणे विचारतील, एका मुलाचे आईबाप, एक वर का आणि एक खाली का? मी रजेची बाई, मलाच विचारणार ते.”

साहेबांनी घड्याळ पाहिलं. बाईंकडे पाहिलं. मग कागद ओढून दोन ओळी लिहिल्या, हलक्या कामाचा नियम आजपासून रद्द, ज्याने त्याने आपल्या मूळ जागी जावं. या वेळी त्यांनी सही करण्याआधी वाचलंही. सगळं मिळून दहा मिनिटं लागली असतील.

दहा मिनिटं! बाई जिना उतरत होत्या. जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटत होती ती शिसारी. एकेचाळीस बायकांनी माना वाकवल्या तेव्हा नियम दगडासारखा होता. एका पुरुषाचं नाक कापलं गेलं आणि तो चहाच्या सुट्टीत विरघळला.

घार खुर्चीत जाऊन बसली. पॉलिशवाला चाकावर गेला. त्या दिवशी दोघं एकमेकांशी बोलले नाहीत, पुढे घरी काय बोलले ते त्यांचं त्यांना ठाऊक. पाहुणे आले, जेवले, फोटो पाहून माना डोलावून गेले.

एकेचाळिसांतल्या नऊजणी अजून कामावर होत्या. बाईंनी नऊ नवी पत्रं केली. त्यातलं एक त्यांचं स्वतःचं, ते त्यांनी खणात ठेवलं, कारण मागच्या वर्षी त्यांच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि दिव्यापुढे आता त्यांना काही दिसलं नसतं. उरलेली आठ घेऊन त्या पॅकिंगला गेल्या.

तिथली सगळ्यात थोरली एकोणीस वर्षांपूर्वी नंबर मोजायच्या यंत्रावर होती. आता दोन्ही मनगटांना पट्टे बांधून खोके रचत होती. तिने हातातला खोका खाली ठेवला, कागद घेतला, सावकाश वाचला.

“म्हणजे मी परत यंत्रावर?”

“उद्यापासून.”

“हे कशानं झालं?”

“साहेबांच्या सहीनं.”

“एवढंच?”

“एवढंच.”

थोरलीने कागद उलटून मागची बाजू पाहिली. तिथे काही नव्हतं. मग तिने बाईंकडे पाहिलं. रागाने नाही, खरंच विचारायचं होतं तिला.

“मग इतकी वर्षं तू काय करत होतीस गं?”

“टाइप करत होते,” रजाबाई म्हणाल्या.